बानूचा दम कुणी घालवला?

...अन् वर डॉक्टर मलाच विचारतो, "पोरगी तळलेलं लई खाते का?" अहो, कसलं तळलेलं! भाकर-पिठलं खाणारी माझी बानू, चौदा वर्षांची, तवा जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची, अन् वजनाचा काटा असा पळाला म्हणता... आमच्या घरात पळणारा तवा तेवढा एकच! बायको म्हणती, "तिची भाकर निम्मी करते." म्हणलं, खबरदार! तुम्हाला सांगतो, दोष पोरीचा नाय. भाकरीचा बी नाय. दोष ज्याचा हाय तो मल्हारी तुमच्यापुढं बसलाय, नीट बघून घ्या!

आम्ही खुलताबादकडचे मेंढरंवाले. माझं सगळं लहानपण मेंढरांमागं गेलं. पायात काटे, टाचेला ह्या एवढ्या भेगा! चिकलठाण्याला कारखाने निघाले, मी मशीनवर लागलो, अन् खंडोबाची शपथ घेतली, माझ्या पोरीचं पाऊल जमिनीला लागू देणार नाय! बानू दहाची होईतोवर गावाकडंच, आजीसंगं डोंगरावर कोकरामागं पळायची. दिवसभर! दम? दम काय असतो, तिला ठावंच नव्हतं. तिला उचलली अन् शहरात आणली. आई, दगडाबाई, वेशीपर्यंत मागं आली... "मल्हारी, लेकराला बसवून ठेवू नको रं." म्हणलं, "आये, शहरातलं तुला काय कळतंय!"

मग स्कूटरचा नंबर लागला. आठ वर्षं नंबर लावलेला, आली एकदाची! मग काय इचारता? शाळा हाकेच्या अंतरावर... बस मागं! कोपऱ्यावरनं शेंगदाणे आणायचेत... बस मागं! पोरगी म्हणायची, "आबा, मी जाते ना पळत." म्हणलं, पळायला आपण काय मेंढरं हाय?

त्यात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज बंद, उद्या मोर्चा, परवा दगडफेक. बापाचं काळीज हो! संध्याकाळचा खो-खो बंद केला, मैतरणींकडं जाणं बंद केलं. सरकारनं संचारबंदी लावली दोन दिवसांची... मी लावली दोन वर्षांची! तुम्हाला सांगतो, दोष पोरीचा नाय. सरकारचा बी नाय.

खेळाचे सांडू सर भेटले. नाकात बोलतात, शिट्टी गळ्यातच... "मल्हारीरावऽ, वजन आत्ता दिसायलंय. दम दोन वर्षांपूर्वीच गेला होता. पहिल्यांदा पोरगी मैदानाच्या दुसऱ्या फेरीत बसली, तवाच मी चिठ्ठी दिली होती. सही कुणाची हाय तिच्यावर?" माझी! न वाचता केलेली! म्हणलं, "सर, आता?" तर म्हणे, "ह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाच फेऱ्या, न थांबता. जमलं तर खो-खोच्या संघात, नाय तर पुढच्या वर्षी." बानू शेजारीच उभी, मैदानाकडं बघत. खो-खोवर लई जीव हो तिचा!

त्याच आठवड्यात क्रांती चौकात मोर्चा आडवा आला. रस्ता भरून माणसं. स्कूटर बंद केली, म्हणलं उतर, गल्लीतनं चालत निघू. वीस पावलं. वीस! पोरगी भिंत धरून उभी, तोंड लालबुंद. मोर्चातनं एक म्हातारी बाजूला झाली, सत्तरीची तरी असंल. "बस गं माय," म्हणली, अन् पिशवीतल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी म्हणलं, "मावशी, कुठनं आलात?"

"वैजापूरहून."

"ट्रकनं?"

"ट्रक कशाचा दादा, चालत! तिसरा दिस हाय." मग बानूकडं बघून हळूच म्हणती, "लेकरू आजारी हाय का?"

आता काय सांगू तिला? ज्यांच्या भ्यानं पोरगी कोंडून ठेवली, त्यांच्यातलीच एक माय माझ्या पोरीला पाणी पाजत होती! लाज वाटली हो... लई लाज वाटली.

अन् तवा डोस्क्यात उजेड पडला. मी मेंढरंवाला! कोकरू सणासाठी जाडजूड करायचं असलं तर आम्ही काय करतो? आधी खायला घालतो? छ्या! आधी दावं लावतो. बांधलेल्या कोकराचा आधी दम जातो, मग ते अंग धरतं. हे ज्ञान आमच्या सात पिढ्यांचं... अन् मी स्वतःच्या हातानं पोरीला दावं लावलं! आठ वर्षं नंबर लावून आणलेलं दावं!

त्या दिवसापासनं रोज ड्युटीच्या आधी आम्ही दोघं मैदानात. शनिवारी झाल्या साडेतीन फेऱ्या. संघात काय आली नाय. मीच रडलो... ती म्हणती, "आबा, आधी दोन बी होत नव्हत्या. पुढच्या वर्षी." अन् आज? आज चार करून पाचवीला गेलीय, ती बघा तिकडं! मी? मी दुसरीतच तुमच्यापाशी बसलो, दिसतंयच की!

स्कूटर तवापासनं दारात साखळीनं बांधलीय. काल कारखान्याला उशीर झाला म्हणून काढली. किक मारली... खोकली. आणखी मारली... धापा टाकल्या अन् बसली! बायको लागली तिला शिव्या घालायला. म्हणलं, गप बस.

तुम्हाला सांगतो, दोष स्कूटरचा बी नाय.