तोंड बघून सामान

...आणि वर ही छाया, आमची थोरली सून, मलाच विचारते, "नाना, पण निघायच्या आधी फोन का नाय केला?" अगं, फोन? अशा वेळी कोण फोन करतं का? सांगा, तुमीच सांगा! तीस वर्षं झाली कशेळ्याच्या बाजारात माझ्या दुकानाला. मांडवाचं, पूजेचं, बारशाचं सामान मिळतं, आणि... ते पण मिळतं. शेवटचं. त्याचं नाव कोण घेत नाय. माणूस येतो, गप उभा राहतो, मी बांधून देतो. 'कोण गेलं' विचारायचं नाय, 'परत या' म्हणायचं नाय. तोंड बघून सामान द्यायचं, बास!

मग आमच्या घरात वेबसाईट आली. छाया म्हणाली, "नाना, गिऱ्हाईकाला पटकन सापडलं पायजे. लग्नाचं वेगळं, पूजेचं वेगळं, अंत्यविधीचं..." "ए, थांब!" म्हटलं, "ऐन लगीनसराईत असलं अभद्र लिहितेस? दुकानात लावलंय तसंच लाव. बांबूत बांबू, मडक्यात मडकं, कापडात कापड!" ती म्हणते, "पण कशासाठी पायजे ते आपल्याला कळणार कसं?" म्हटलं, तीस वर्षं कसं कळतंय? तोंड बघून! आता फोनमधून तोंड दिसत नाय, हे मला त्या वेळी कोणी सांगितलं का? नाय!

पहिलीच ऑर्डर आली ती खालापूरच्या मनोजरावांची. आमच्या धाकट्या देवेशला त्यांची पोरगी बघितलीये. सगळं जमलेलं, फक्त त्यांच्या आईचा, सुंदराबाईंचा होकार राहिलेला. नव्वदीची म्हातारी, अख्खं घर तिच्या शब्दावर चालतं. आणि ऑर्डर काय? बांबू, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गुलाल. खाली लिहिलेलं, 'लगेच पाठवा.'

वाचलं आणि म्हटलं, झालं! म्हातारी गेली! आता सोयरीक वर्षभर लांबली, का मोडलीच? पण म्हटलं, भिवाजी, आधी माणुसकी. टेंपो काढला. बिचाऱ्यांना दुःखात सुचलं नसेल म्हणून गोवऱ्या आणि पेंढा मी माझ्या मनानं टाकला! फुकट!

दारात मनोजराव उभे. मी टोपी काढली, त्यांना मिठी मारली, हंबरडाच फोडला. "धीर धरा मनोजराव! माऊली सोन्यासारखी गेली हो!"

"अहो, कोण गेलं?" ते म्हणतात. "उद्या सत्यनारायण हाय, अंगणात छोटा मांडव घालायचाय!"

तेवढ्यात ओटीवरून आवाज, "कोण रडतंय रं, मनोज?"

सुंदराबाई! लसूण सोलत बसलेल्या! अहो, तोंड बघून सामान देणारा मी, आणि माझंच तोंड कुठं लपवू कळेना! म्हातारी उठली, काठी टेकत टेंपोपाशी आली. बांबू बघितले. मडकं बघितलं. गोवरी उचलून बघितली. मग माझ्याकडं बघितलं...

"माझ्यासाठी?"

मान हलली हो माझी!

संपलं, म्हटलं. गेली देवेशची सोयरीक. तर म्हातारी लेकाकडं वळली, "पोरगी याच्याच घरात दे रं. या घरात माझ्यासाठी एवढं कोण रडलंय आजवर?"

जमलं लग्न! छायानं त्याच दिवशी सगळे कप्पे वेगळे केले, मी हूं का चूं केलं नाय. पण म्हातारीनं नातीकडून वेबसाईटवर अभिप्राय लिहून घेतलाय, तो आता काढता येत नाय म्हणे. सगळ्यात वर तोच दिसतो. पाच तारे, आणि खाली...

'माल चांगला हाय. जरा लवकर आला.'