चिमूटभर हवा

...आणि वर मलाच सांगतात, स्वयंपाकघरात वागायचं कसं! मला! ज्याच्या नुसत्या खाकरण्याने हॉटेलचा अख्खा भटारखाना झारे-कढया सोडून ताठ उभा राहतो, त्या मला!

तुम्हाला सांगतो, भानगड नातीवरून सुरू झाली. चार वर्षांची पोर, पण बोलेल तर शपथ. मान हलवायची, बोट दाखवायचं, मिटलं. शाळेतल्या बाईंनी लेकीला बोलावून सांगितलं, असंच राहिलं तर पुढच्या वर्गात घ्यायचं कसं? लेकीचा जीव टांगणीला. मग बाईच म्हणाल्या, चष्मा सावरत, नाकातून हं, ‘तिच्याशी भातुकली खेळा. खेळता खेळता मुलं शब्द शिकतात, मोजायला शिकतात, थांबायला शिकतात...’ म्हटलं, भातुकली? मला सांगतात? मला!

पण बसलो. खोक्याची शेगडी, बाटल्यांच्या झाकणांची ताटं, मी गिऱ्हाईक. आणि काय सांगू, पोरगी हळूहळू उघडायला लागली हो! ‘गरम.’ ‘फुंकर मारा.’ आधी बाहुलीला वाढलं, मग अस्वलाला, एकेकाला एकेक झाकण, मला कमी पडलं तर स्वतःचं दिलं. हे मी हाताखालच्यांना वर्षानुवर्षं शिकवतोय, जमत नाही लेकाच्यांना! खेळातच शिकतात पोरं, छातीठोकपणे सांगतो.

आणि मग... तिने सूप दिलं. रिकामी वाटी. मी ओठांना लावली आणि धंद्याची खोड, तोंडातून निघूनच गेलं, ‘मीठ कमी आहे.’

संपलं! पोरीने शेगडी बंद केली. ओठ घट्ट. दारात लेक उभी, चेहरा पांढराफटक. एवढी महिन्याभराची कमाई, मी हवेतल्या मिठापायी घालवली! म्हटलं, चुकलो मालकीणबाई. भटारखान्यात आजवर कुणाची माफी मागितली नाही मी!

पोरीने पातेल्यात चमचा बुडवला, चाखलं, नीट विचार केला, चिमूटभर हवा टाकली, ढवळलं. आणि सलग, न अडखळता म्हणाली, ‘आता बरोबर झालं. पण जेवणाला नावं ठेवायची नसतात आजोबा, आता तुम्ही भांडी घासा.’

भांडी! मला सांगते! मला!

लेक रडायलाच लागली. मीही रडलो, पण कांदा चिरत होतो असं सांगितलं.

काल बाईंचा फोन. ‘अहो, ती वर्गात आता बोलायची थांबतच नाही, मलासुद्धा रांगेत उभं करते. तुम्ही जरा समजवा ना.’

म्हटलं, बाई, भांडीवाल्याचं कोण ऐकतं तिथे?