गिऱ्हाईक बिचकतं

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुपारी मी दवाखान्यातल्या बाकावर बसून होतो. शेजारी एक सासू आणि तिची गरोदर सून होती. सून नखं रंगवायच्या पार्लरमध्ये कामाला होती.

“बाळाची वाढ कमी आहे म्हणे. जेवत नाहीस नीट!”

“जेवणाचं नाही हो, आई. नेलपॉलिशमधली काही रसायनं हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात, त्यानंही वाढ खुंटू शकते, असं डॉक्टर म्हणाले.”

“मग हातमोजे घाल. खिडकी उघड.”

“मालकीणबाई नको म्हणतात. हातमोजे बघून गिऱ्हाईक बिचकतं. खिडकी उघडली की एसीची हवा जाते.”

“गिऱ्हाईक बिचकतं? आणि माझं नातवंड काय वाऱ्यावर पडलंय? ती बसते का त्या वासात?”

“त्यांना दिवस गेले होते तेव्हा दुकानात पाऊल टाकलं नाही त्यांनी.”

“म्हणजे भवानीला ठाऊक होतं!”

“हळू बोला, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! डॉक्टरांकडून लिहून घेऊ, तिच्या तोंडावर मारू.”

“लिहून देत नाहीत. नक्की त्यानंच झालं, असं सांगता येत नाही म्हणतात.”

“मग मी येते तुझ्याबरोबर.”

“नको, आई. कामावरून काढतील.”

नर्सनं मला बायकोच्या कागदांवर सही करायला आत बोलावलं. मी उठलो तेव्हा सून एकटीच कामावर निघाली होती. मालकिणीशी बोलायचं तसंच राहिलं होतं.