बाबांच्या कपाळावरची पानं

पोल्डी : पुन्हा दार उघडं टाकलंस, आई? तो बघ, छत्रीवाला थेट अंगणात! अहो, संग्रहालय नाही हे, घर आहे आमचं! शौचालय खाली, बोटीच्या धक्क्यावर!

आई : ओरडू नकोस. जातो तो.

पोल्डी : फोटो काढून गेला, मेला! बाबांचा! मी म्हटलं होतं, गॅलरीत ठेवू नकोस.

आई : मग कुठे ठेवू? ह्यांची कवटी पांढरी व्हायला ऊन लागतं. आणि ऊन आपल्याकडे तेवढंच येतं.

पोल्डी : मी इशलहून निघाले तर गोसाऊच्या वळणापासून बस रांगेत. सगळं जग आमच्या तळ्यावर उलथलंय. आणि तू तातडीने बोलावलंस ते कशाला? कवटी रंगवायला!

आई : थडग्याची मुदत संपली. डोंगर आणि तळं यांच्यामध्ये पुरायला जागा आहे कुठे? जुन्यांची हाडं काढून नव्यांना द्यायची. उद्या पाद्रीबुवा अस्थिघर उघडणार. ह्यांनी मरताना एवढंच मागितलं, कवटीवर नाव घालून आजोबांच्या शेजारी ठेवा.

पोल्डी : गावातल्या सगळ्यांच्या कवट्या इग्नाझकाका रंगवायचे ना?

आई : त्याचे हात थरथरतात आता. माझेही. हे बघ, ह्यांच्या नावातला, ‘विन्सेन्झ’मधला, ‘व’सुद्धा धड जमला नाही, पुसून टाकला. तू रोज फुलं रंगवतेस.

पोल्डी : कपांवर! दुकानात! आणि त्याबद्दल बाबा काय म्हणाले होते, विसरलीस? ‘उपऱ्यांच्या कॉफीसाठी खोटी फुलं काढतेस, लाज वाटत नाही?’ भर चर्चच्या पायऱ्यांवर. त्यानंतर बोलले का माझ्याशी? दवाखान्यातसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आई : हट्टी होते.

पोल्डी : हट्टी? मला रडू फुटलं होतं, आई! आणि आता त्यांच्याच कपाळावर मी नक्षी काढू? नाही जमणार.

आई : बरं. मग बिननावाचे ठेवू.

पोल्डी : हे असं नको बोलूस.

आई : आत ओळीने सगळे आहेत. प्रत्येकाच्या कपाळावर नाव. एकटे हेच कोरे राहतील. मी फुलं घेऊन गेले की कोणापुढे ठेवू?

(बाहेर पुन्हा कोणीतरी फाटक ढकलतं. या वेळी पोल्डी उठून कडी घालते.)

पोल्डी : ... कुंचला कुठाय?

आई : खिडकीत. पुरुषाला ओकची पानं काढायची, कपाळभर. नाव मध्ये.

पोल्डी : ओक मला येत नाही.

आई : पानंच तर आहेत!

पोल्डी : हात वळत नाही गं. वर्षानुवर्षं एकच काढतेय, ती निळी डोंगरफुलं. कपांवरची.

आई : कपांवरची?

पोल्डी : तीच. नको असतील तर सांग, मी संध्याकाळच्या बसने जाते.

आई : ... काढ. निळीच काढ. बघू तरी, आता काय बोलतात ते.