आवाज द्यायला गेलेत

हां भाऊ, हेच ते हात. बरोबर ओळखलं तुम्ही — दोऱ्यावरून ना? तो पिवळा दोरा सासूनं बांधलाय, हळदीत भिजवून, अन् पिक्चरचे मयंक सर म्हणाले राहू द्या, तसाच राहू द्या हातात — पण थांबा, थांबा जरा. हात पाहिले म्हणजे तुम्ही पिक्चर पाहिलं? आलं पिक्चर? कधी? टॉकीजला तर नाही लागलं, नंदुरबारात लागलं असतं तर पोस्टर दिसलं असतं मला, भाजीला त्याच रस्त्यानं जाते मी — फोनवर? फोनवर आलं? अन् कोणी सांगितलं नाही मला! शेठला किती वेळा विचारलं असेल, भीकमचंद शेठ, लॉजचे मालक, मयंक सरांचे सख्खे काका — दर वेळी तेच, "बेटी, पिक्चर अटकी पडी है." अन् माझ्याकडे न बघता बोलायचे. आता ते दुकानावर गेलेत, नाहीतर आत्ता तुमच्यासमोर विचारलं असतं.

बसा ना. खोली देते, तीच देते, पिक्चरमध्ये ज्या खोलीत खून झाला तीच पाहिजे ना तुम्हाला? त्यात काही नाही हो बघायला, पलंग अन् आरसा. चादर बदलते मी, तोवर बसा — मोहिनी! जिन्याकडे नको जाऊ! इकडे ये, ये इकडे, बस मामाजवळ. जिन्याला कठडा नाही खालून, माझा सारा जीव तिच्या पायांत असतो. काल जरा अंग गरम लागलं तर मी उठून उठून हात लावून बघत होते. तोंडात काय आहे? थूक. थूक आधी. देठ आहे मिरचीचा, बघा! सासू खाली ओट्यावर मिरचीचे देठ खुडत बसते अन् ही तिच्याजवळून उचलून आणते.

तर तुमच्याकडे आहे का आत्ता, फोनमध्ये? माझा हा बटनाचा, ह्यात पिक्चर नाही चालत. पूर्ण नको. गोष्ट मला पाठ आहे, सगळी माझ्यासमोर झालीये. फक्त शेवटचं पाहिजे मला, मॅनेजर बोलतो ते. तो मॅनेजर — ते आमचेच ना. मोहिनीचे पप्पा. नाव घेत नाही मी, पण तुम्हाला कळायला सांगते, भिला. सगळे सेटवर भिला, भिला करायचे. इथेच कामाला होते, खोल्या बघायचे, पाणी द्यायचे, बिछाने घालायचे. मला त्यांचा आवाज ऐकायचाय. मला म्हणजे — हिला ऐकवायचाय. ते गेले तेव्हा ही रांगत होती. आता पळते. फोटो दाखवला तर "पप्पा" म्हणते, पण फोटो काय, गणपतीचा दाखवला तर त्यालाही नमस्कार करते, ओळख थोडीच असते ती! आवाजाची ओळख खरी. माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही हो. म्हणून मी ह्या पिक्चरची वाट बघत होते.

पुण्यालाच आहेत ते. येतील. डबिंग म्हणतात ना, आवाज द्यायला गेलेत.

लावा, नाही — आत्ता नका लावू, थांबा. हात ओले आहेत माझे. सांगते ना तुम्हाला कसं केलं ते, विचारत होता ना मघाशी. पैसाच नव्हता त्यांच्याकडे. मयंक सर पुण्याला शिकलेले पिक्चरचं, अन् काकाचं लॉज फुकट मिळालं म्हणून गोष्टच लॉजची लिहिली. गोष्ट सगळी रात्रीची, पण शूटिंग भरदुपारी — लॉजमधल्या सगळ्या घोंगड्या-चादरी आम्ही खिडक्यांना ठोकल्या, आत अंधार गुडुप, अन् बाहेर ऊन मी म्हणतंय. पाऊस पाहिजे होता, तर गच्चीवरच्या टाकीला नळी लावून हे वरून पाणी सोडायचे. रक्त बीटाचं, साखरेच्या पाकातलं. मुंग्या लागल्या मेलेल्या माणसाला! अन् तो मेलेला — पुण्याचा नट होता, चांगला माणूस — पलंगावर डोळे उघडे टाकून पडलेला, कॅमेरा जवळ, अन् बाहेरून मिरचीचा वारा आला. मिरच्या वाळत घालायचे दिवस ते, तुम्हाला माहीत नाही आमच्याकडचा वारा. मुडदा असा शिंकला, असा शिंकला, की इन्स्पेक्टर हसून खाली बसला. मयंक सर ओरडले, "अरे, मेलेला माणूस शिंकतो का?" तर हे म्हणाले, "सर, नंदुरबारना मुडदा शे, शिंकीच." काय हसले सगळे! त्या दिवसापासून सर यांना सोडेनात. आधी नुसते खुर्च्या उचलायला होते, मग मॅनेजर करून टाकलं. ज्याला माहीत असतं खून कोणी केला, अन् बोलत नाही, अन् शेवटी बोलतो — तो.

रंग नाहीत ना त्यात? मला सांगितलं होतं, काळं-पांढरंच आहे म्हणून. मग दोरा तुम्हाला पिवळा नसेल दिसला.

त्या दोऱ्याचं असं — मेलेल्याची बायको बांगड्या फोडते असं पाहिजे होतं. नुसते हातच दिसणार. पुण्याच्या बाईचे हात मऊ, म्हणून मला सांगितलं. मी कुठली तयार होते! नवरा समोर उभा, टाकीची नळी धरून, अन् मी बांगड्या फोडायच्या? सातवी शिकलेय मी, अडाणी नाही, कळतं मला खोटं असतं ते, तरी हात उचलेना. मग हेच म्हणाले, अगं पिक्चरच्या बांगड्या, तुझ्या काढून ठेव बाजूला. सासू आली — कौसाबाई, ती खाली बसलीये ना तीच — तिला दिसत नाही नीट, मोतीबिंदू आहे, पण ऐकू सगळं येतं. ती म्हणाली, फोड, पण आधी हा दोरा. जोवर हा दोरा हाताले शे, तोवर मन्हा भिला शे. अन् बांधला. तेव्हापासून पाण्यानं झिजला की नवा बांधते, जुना नवा दोन्ही हातात असतात तेव्हाच जुना काढते. मनगट रिकामं नाही राहू द्यायचं. आता कधी रागात असली की म्हणते, तू दात काढत बांगड्या फोड्यात. मी दात नव्हते काढले हो. तुम्ही पाहिलं ना पिक्चरमध्ये? हात थरथरत होते ना? ते खरे थरथरत होते.

अन् त्यांचं ते शेवटचं बोलणं! इथे, ह्याच ठिकाणी उभं राहून चादरीची घडी घालता घालता पाठ करायचे. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. "खोलीला कुलूप बाहेरून होतं साहेब, मग आत दिवा कोणी लावला?" असं पाहिजे. अन् यांच्या तोंडून काय यायचं — "खोलीले कुलूप बाहेरथीन व्हतं साहेब, मंग मझार दिवा कोनी लावा?" मी हसायचे, म्हणायचे, शुद्ध बोला, पुस्तकातलं बोला. ते परत म्हणायचे. ही झोळीत असायची तिकडे, रडली की झोळी हलवता हलवता तेच — कुलूप, साहेब, दिवा. गाणं थोडंच येतं त्यांना. खुनाचं बोलणं हो, अन् पोरगी त्याच्यावर झोपायची! "साहेब" जरा लांबवायचे, साऽहेब, तिथं तिचे डोळे मिटायचे. ते गेल्यावर मी म्हणून बघितलं. माझ्यानं नाही झोपत.

शूटिंग झालं, सगळे गेले, घोंगड्या धुतल्या आम्ही. मग होळीच्या अलीकडे हे म्हणाले, सरांनी बोलावलंय, आवाज परत भरायचाय, पंख्याचा घरघराट आलाय त्यात. नवा शर्ट घातला. भाकरी बांधून दिली. बसमध्ये चढताना पोरीच्या कानात म्हणाले, साऽहेब. ती हसली. मग एकदाच फोन आला, सांजवेळी, अन् काय खूश होते! म्हणाले, झालं गं माझं, शेवटचं बोलणं एका दमात बोललो, आपल्याच बोलीत, सरांनी पाठ थोपटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, मग या. म्हणाले, थोडं राहिलंय, येतो. मग फोन लागेना. मयंक सर माझा नंबर उचलत नाहीत, मोठी माणसं, कामात असतील.

नाही नाही, भांडण नव्हतं. कोणी काही म्हणायला नको म्हणून सांगते. धानोऱ्याहून नणंद येते, विचारते, भाजीवाली रमिलाबाई विचारते, "उना का तुन्हा हिरो?" — आला का म्हणून. मी सांगते, आवाज द्यायला गेलेत. पहिल्यांदा लोक खूश व्हायचे. आता पदराआड बघतात एकमेकींकडे. दुसरी होळी गेली ना मध्ये. तिसरी येईल. पण असतं भाऊ तसं काम, हो ना? एक शब्द पुन्हा पुन्हा बोलायला लावतात म्हणे. तुम्ही शहरातले, तुम्हाला माहीत असेल.

बरं. लावा. हात पुसले मी. मोहिनी, इकडे ये, मांडीवर बस. हलू नको. पप्पा बोलणार आता. कान दे.

अगं बाई. हा बघ. हा बघ, पप्पा! दाढी केली होती त्या दिवशी, बघा, इथं कापलं होतं गालाला, दिसतंय ना? किती — किती वाळलेले दिसतात ह्यात. बोलले बघ पप्पा, ऐक —

हे काय?

नाही, भाऊ, परत लावा. मागे घ्या. आवाज वाढवा जरा. हा कोण बोलतोय? ओठ यांचे हलतात, बोलतं कोण? हा तर कोणी — हा रेडिओवरचा माणूस आहे. "खोलीला कुलूप बाहेरून होतं" — किती शुद्ध! "साहेब" तर तोडलाच त्यानं. पुढे असेल यांचा. पुढे घ्या. इन्स्पेक्टरशी बोलतात तिथं. तिथंही तोच? सगळीकडे तोच?

बघा ना, हिनं तोंड लपवलं. मघाशी हात पुढे केला होता, पप्पा म्हणून, अन् आवाज आल्यावर माझ्या पदरात — नाही गं, नाही, घाबरू नको, पप्पाच आहेत ते.

पण ते म्हणाले होते एका दमात बोललो. टाळ्या वाजल्या म्हणाले. कोणाला वाजल्या? भाऊ, मग खोटं बोलले का मला? गेले असतील अन् यांचं बोलणं नको झालं असेल त्यांना, दुसरा उभा केला असेल — तर परत यायचं ना! माझ्याकडे यायला कसली लाज? मी हसायचे म्हणून? शुद्ध बोला म्हणायचे म्हणून? ते तर लाडात म्हणायचे हो मी. का पुण्याला गेलेच नाहीत? का तो फोन — मी दारात उभी राहून सगळ्या गावाला सांगतेय, आवाज द्यायला गेलेत, आवाज द्यायला गेलेत, अन् आवाज तर दुसऱ्यानंच देऊन टाकला. शेठनं पाहिलं असेल हे. म्हणून बघत नव्हते माझ्याकडे. बंद करा. बंद करा तो फोन.

काय माय? — सासू हाक मारतेय खालून. आवाज गेला वाटतं खाली. — हा माय, पिक्चर शे! उना पिक्चर! हा, शेवटलं लावं व्हतं. — हा, त्यासनाच आवाज शे. त्यासनाच शे माय. तुमले खालतीन तसा वाटना. साफ शे. — नही, आते नही, भाऊना फोन बंद पडना. मंग ऐका. — काय? दोरा? शे ना, हाताले शे. सांजले नवा बांधा.

ऐकलं ना तुम्ही? उतरताना विचारेल ती तुम्हाला. तुम्हीही तेच सांगा, भाऊ, त्यांचाच आवाज होता म्हणून, एवढं करा माझं. अन् खोली ती नका घेऊ, शेजारची घ्या, तिचा पंखा चांगला आहे. ही चावी. जा आता. पोरगी झोपायला आलीये, मला तिला झोपवू द्या.