उलट्या रेघा

रशियातल्या वेलिकी उस्त्युग गावच्या संग्रहालयात जुनी चांदी भेट देणाऱ्यांच्या रांगेत रिम्मा आपली नक्षीदार चांदीची डबी घेऊन उभी होती. पुढच्या म्हातारीने काळ्या नक्षीचा पेला टेबलामागच्या मुलीसमोर ठेवला.

"आजी, शिक्का कारखान्याच्या मालकाचा आहे. पाटीवर त्याचंच नाव येईल."

"त्यानं जन्मात कोरणी हातात धरली नाही. नक्षी माझ्या आईची, फेक्लाची."

"पुरावा?"

"ती डावरी होती. रेघा बघ, सगळ्या उलट्या कलल्यात."

"रेघांवरून नाव लिहिता येत नाही हो. फार तर 'अज्ञात कारागीर' लिहू."

"अज्ञात? मला न्हाऊमाखू घालणारी बाई अज्ञात? दे तो पेला इकडे!"

"बरं. पुढे कोण?"

रिम्मा पुढे सरकलीच नाही. तिने निघालेल्या म्हातारीची बाही धरली.

"काकू, माझ्या डबीवरच्या रेघा जरा बघता?"