दोन कुलपांचं मशीन

आधी मला सांगा ताई, तुम्ही कुनाकडनं आलाय? कुनाकडनंच न्हाई म्हनता, पन निवडनूक तोंडावर आलीया, आत्ता हितं कुनाकडनंच न्हाई असं कोन येतंय व्हय? बरं, तो मोबाईल माझ्याकडं तोंड करून ठिवा, चालू हाय का बंद ते मला दिसू द्या. मी बोलले ते मागनं नाकारायची न्हाई, पन तुम्हीबी माझं बोलनं कुनाच्या प्रचाराला लावायचं न्हाई. झालं मग. आता कुठनं सांगू?

आमी धनगर. माझ्या बापाची मेंढरं व्हती, मला पाय फुटल्यापासनं मी कळपामागं, शाळा कसली आन् काय. लगीन होऊन ह्या गावात आले, हे धड शिरूरच्या जवळ न्हाई आन् धड दौंडच्याबी न्हाई, कुठंबी जायचं म्हनलं की अर्धा दिस रस्त्यातच जातो. सासऱ्यानं मेंढरं इकून थोडं रान घेतलं आन् आमी शेतकरी झालो. आमच्या मालकांनी रानबी केलं आन् कुरकुंभला कंपनीत कंत्राटावर पाळीलाबी गेले. हिकडं इनामगावला म्हनं पुन्याची मोठी मानसं येऊन जुन्या काळची हाडं उकरून, मोजून घेऊन गेली. मी ह्यांना म्हनायचे, मेलेल्याची हाडं मोजाया साहेब येत्यात, जित्या मानसाचा ताप बगायला कोन येत न्हाई. ह्ये खदाखदा हसायचे. तवा हसायला दम व्हता.

मग कोरोना आला. काय सांगू तुम्हाला, मला त्या कारभारात पैल्यापासनं काहीतरी वास यायचा. रोगच न्हवता असं मी म्हनत न्हाई, आमच्या आळीतली मानसं गेली, डोळ्यानं बगितली. पन बाजार बंद आन् सभा चालू, गरिबाच्या लग्नाला मोजकी मानसं आन् पुढाऱ्याच्या वाढदिसाला ही गर्दी, हे कसं? रोगाला पुढारी वळखू येतो व्हय? लस आली तवा मी गेले, न्हाई म्हनले न्हाई, पन सिस्टरबाईला आधी इचारलं, बाई तू घेतली का, तर म्हनली घेतली. तुझ्या आईनं? म्हनली आईनंबी घेतली. मग दंड पुढं केला. तरीबी लई दिस दंडावर हात फिरवून बगायचे, काय उगवतंय का.

शाळेत त्यांनी कोविड सेंटर केलं आन् मी तितं सैपाकाला लागले. तितं दोन मशीनं आली, बारक्या फ्रीजएवढी, हवा आत वढून आक्सिजन देनारी, नळी नाकाला लावायची. तवा बापू सरपंच व्हते. बापू म्हनले, मी आनली. गावातले दुसरे पुढारी अण्णा म्हनले, माझ्या वशिल्यानं आली. दोघंबी तवा एकाच पार्टीत, म्हनून दर मशीनीवर दोघांचेबी फोटू चिटकवले. पुढं वरच्या लोकांनी पार्टी फोडली, तशी गावातबी फुटली, अण्णा हिकडं, बापू तिकडं, आन् अण्णा सरपंच झाले. सेंटर बंद झालं तवा बगितलं तर मशीन एकच. दुसरं कुठं गेलं? आजपतुर कुनाला ठाव न्हाई, आन् ज्याला ठाव हाय त्यो बोलत न्हाई.

त्यावरनं ग्रामसभेत राडा झाला. आधी कमानीवरनं झाला. उपकेंद्राला सिस्टरबाईला ऱ्हायला खोली बांधायची का येशीवर कमान, ह्याच्यावर वाद. बायका म्हनल्या खोली, कारन बाई गावात ऱ्हायली तर अडल्यानडल्याला उपेगी पडल. गडी म्हनले कमान. कमान झाली. त्या कमानीखालनं सिस्टरबाई आठवड्यातनं एकदा येती आन् यष्टीच्या टायमाला जाती. मग मशीनीचा इषय निघाला, अण्णा म्हनले माझ्या ताब्यात द्या, बापू म्हनले इकून खाशील, तवा मीच उठून म्हनले, दोघांची दोन कुलपं लावा शाळंच्या खोलीला, एकाची चावी एकाकडं, दुसऱ्याची दुसऱ्याकडं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मी आजबी म्हनते, बरुबरच बोलले. एकाकडं दिलं असतं तर तेबी पाय लावून गेलं असतं.

पन कोरोनात आमच्या मालकांनाबी त्याच सेंटरात ठिवलेलं, ते घरी आले खरं, दम काय माघारी आला न्हाई. बरीस सरलं की आनिक कमी. घागर उचलंना, मग चालवंना, मग बोलवंना. दौंडच्या डाक्टरनं छातीचा फोटू काढला आन् म्हनला, मावशी, ह्यांची फुफ्फुसं आखडल्यात, रोज घरीच आक्सिजन लावा, न्हाईतर काय खरं न्हाई. भाड्यानं मशीन घ्यायची आमची ऐपत न्हाई. मी म्हनले, भाड्यानं कशाला, आमच्या गावात हाय.

अण्णाकडं गेले. अण्णा म्हनले, वहिनी, माझी चावी तयार हाय, आधी बापूला यिऊ द्या. बापूकडं गेले. बापू म्हनले, त्याला आधी कुलूप काढू दे, मी आधी काढलं तर फोटू काढून गावभर फिरवल, बापू मशीन चोरतोय म्हनून. ग्रामसेवक म्हनला, आचारसंहिता हाय, निवडनुकीपतुर सरकारी वस्तू वाटता येत न्हाई. मी म्हनले, भाऊसाहेब, ह्यांच्या फुफ्फुसाला आचारसंहिता कळंल का? त्यो कागदात तोंड घालून बसला. अशी मी हिकडनं तिकडं फिरतीया आन् घरी ह्ये उशीला टेकून बसल्यात, व्हट निळं पडल्यात. मला भ्या वाटाया लागलं. खरंच सांगते, लई भ्या वाटलं.

मग एका बाजारच्या दिशी भावकीतली पोरं बोलावली, ह्यांना बाजंसकट उचललं आन् नेऊन त्या खोलीच्या दारात ठिवलं, दोन कुलपांच्या म्होरं. मी उशाला बसले. ह्ये मला म्हनत्यात, घरी ने, लोक बगत्यात. मी म्हनले, बगू द्या. त्यांनी डोळ्यावर टावेल घेतला. टावेलाखाली रडत व्हते का दम लागला व्हता ते मी इचारलं न्हाई, माझ्याच डोळ्याला पानी आलं व्हतं.

आन् मग मजा बगा. अण्णाला वाटलं, हिला बापूनं बसवलीया. बापूला वाटलं, हा अण्णाचा डाव हाय. मला कुनीच बसवलं न्हवतं, पन ते कुनाला पटतंय! म्होरचा फोटू काढील, आपून मागं ऱ्हाऊ, ह्या धाकानं दोघंबी चावी घेऊन पळत आले. एकानं हार आनला, दुसऱ्यानं नारळ. दार उघडलं, मशीनीवर बोटभर धूळ, दोघांचे फोटू उंदरानं कुरतडलेले. हार घालाया लागले तर मी आडवी झाले. म्हनले, आधी चालू करून दावा. वायर लावली, त्ये टीं करून वरडलं आन् घरघरलं. मी तांब्यात पानी मागितलं, नळीचं तोंड पान्यात बुडवलं, सेंटरात असंच बगायचे, बुडबुडं आलं तर हवा येतीया. आले बुडबुडं. तरी मी नळी आधी माझ्या नाकाला लावली, लई दिस बंद व्हतं, आत काय बसलंय काय सांगावं. मग ह्यांच्या नाकाला. वाईच दम खाऊन ह्ये म्हनले, च्या कर. कवाच्या काळानं च्या मागितला!

फोटू निघाले, दोन्हीकडच्या मोबाईलवर फिरले. एका फोटूत बापू न्हाई, एकात अण्णा न्हाई. आमचे मालक दोन्हीतबी निम्मेच.

आता मशीन आमच्या घरात, तर गाव माझ्यावर डोळा ठिवून. हिनं कुनाला मत कबूल केलं, असं माझ्या तोंडावर इचारत्यात. आन् ही समोरची पारूमावशी, बापूच्या गटाची, आमच्याशी बोलत न्हवती, तिला दमा चढला. तिची सून दारात आली, म्हनली, काकी, दुपारच्यापुरतं द्या. मी मशीनीवर हात ठिवला. मनात आलं, बापूच्या गटात गेलं की आलं का माघारी? पन ह्यांनी सोताच्या हातानं नळी काढली आन् म्हनले, घिऊन जा. मी दिलं. पन मशीनीसंगं मीबी गेले.

तवापासनं सकाळचं ह्यांना, दुपारचं मावशीला, परत ह्यांना. मशीन जिकडं तिकडं मी. मानसाला डोळ्याआड कराय नगं हे खरं, पन मानूस मरतंय म्हनल्यावर न्हाईबी म्हनवत न्हाई, काय करायचं? म्हनून तर तुम्ही आला तवा मी घर सोडून हितं मावशीच्या वट्यावर बसलीया, आत तिची नळी चालू हाय आन् हितनं मला आमचं दार दिसतंय. दुपारभर ह्ये तितं बिनमशीनीचे बसत्यात. दर वाईच टायमानं खोकत्यात. त्यो खोकला ऐकू आला की माझं बसनं हुतं, न्हाईतर मन जाग्यावर न्हाई.

थांबा, बोलू नका जरा.

हां. आला. आता इचारा, काय इचारायचं ते.